सात नळ्या

बाळ सव्वा महिन्याचं असताना सलग पाच दिवस मी माझं दूध मोरीत ओतलं. दर तीन तासांनी पंप लावायचा, साठ-सत्तर मिली निघायचं, ते मोरीत ओतायचं आणि वरून तांब्याभर पाणी सोडायचं, कारण एप्रिलच्या उकाड्यात दुधाचा वास लगेच चढतो. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे. आशियातली पहिली. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी ती सुरू केली. तिथे आया दुसऱ्यांच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी दूध देतात, हे मला माहीत होतं. आणि माझं दूध माझ्याच बाळाला चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

मला फिट्स येतात. बारावीच्या प्रिलिमच्या वेळी पहिली आली. शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी कोणाची तरी चप्पल धरलेली होती. तो वास अजून आठवतो. तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. आधी सोडियम व्हॅल्प्रोएट होतं. लग्न ठरताना आईबाबांनी सासरी सगळं स्पष्ट सांगितलं होतं, त्यामुळे लपवाछपवी कधी करावी लागली नाही. पुढे आम्ही मुलाचा विचार सुरू केला, तेव्हा न्यूरोलॉजीच्या मॅडमनी आधी हे औषध बदललं. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि व्यंग नसलं तरी मुलाच्या बुद्ध्यांकावर परिणाम होऊ शकतो, हे त्यांनी केसपेपरच्या मागे लिहून समजावलं. मी विचारलं, हे कळलं कसं? त्या म्हणाल्या, "बायकांनी आपली माहिती दिली म्हणून." तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९८ पासून अपस्मार म्हणजे फिट्सचा आजार असलेल्या गर्भवतींची नोंदवही चालवतात. कोणती गोळी, किती, कितव्या महिन्यात, बाळ कसं जन्मलं, पुढे कसं वाढलं. अशा इथल्या आणि परदेशातल्या नोंदी जमत गेल्या, तेव्हा कुठे चित्र स्पष्ट झालं. तोवर कितीतरी वर्षं बायका ते औषध घेतच होत्या.

मला मग लेव्हेटिरासेटाम सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ, आणि रात्री झोपताना क्लोबाझामची छोटी गोळी.

सहाव्या महिन्यात मी ओट्यापाशी पडले. कपाळाला तीन टाके. बाळ सुखरूप होतं. नंतर कळलं की गरोदरपणात मूत्रपिंडं लेव्हेटिरासेटाम नेहमीपेक्षा वेगाने बाहेर टाकतात, रक्तातली पातळी खाली येते, आणि डोस वाढवावा लागतो. जिथे नाव घातलं होतं तिथे दर महिन्याला माझं वजन, बीपी, हिमोग्लोबिन सगळं लिहून घ्यायचे. गोळीची पातळी कोणी पाहिली नाही, आणि मॅडमकडे जायचं मीही दोनदा पुढे ढकललं होतं. नऊ महिने दोन औषधं माझ्या आणि बाळाच्या अंगात होती. त्यांचं काय झालं, याचा एक शब्दही कुठे नोंदलेला नाही. ही गोष्ट मला तेव्हा खटकली नव्हती. आता फार खटकते.

बाळ फार झोपाळू होतं. दूध ओढता ओढता पेंगायचं, तळव्याला गुदगुल्या करून उठवावं लागायचं. बालरोगतज्ज्ञांनी माझ्या गोळ्यांची पाकिटं पाहिली, मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि म्हणाले, "डेटा नाही. उगाच रिस्क कशाला? अंगावरचं दूध बंद करा." त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. क्लोबाझामने बाळाला गुंगी येऊ शकते. पण 'डेटा नाही' आणि 'बंद करा' या दोन वाक्यांमध्ये एक तरी प्रश्न विचारायला हवा होता. बाळाचं वजन वाढतंय का? गोळी कधी घेता, पाजता कधी? रक्त तपासून बघू या का? यातलं काही झालं नाही. आम्ही खाली उतरून मेडिकलमधून पावडरचा डबा घेतला आणि घरी आलो.

सहाव्या दिवशी मॅडमची ओपीडी होती, परळला. भांडुपहून टॅक्सी केली, बाळाला ट्रेनमध्ये नेण्याची हिंमत नव्हती. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "गोळी एक दिवसही चुकवायची नाही. आणि दूधही चालू ठेवायचं. दर आठवड्याला वजन करा. रात्रीचं एक पाजणं नवऱ्याकडे द्या, वाटीत दूध काढून ठेवत जा. झोप मोडली की फिट येते." मग त्यांनी सांगितलं की लेव्हेटिरासेटाम दुधात जवळपास रक्ताइतकंच उतरतं, पण बाळाचं शरीर ते भराभर बाहेर टाकतं. २०२० साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात अंगावर पिणाऱ्या बाळांच्या रक्तात हे औषध आईच्या रक्ताच्या मानाने साधारण ५ टक्के सापडलं. "क्लोबाझामचं मात्र माझ्याकडे सांगण्यासारखं फार थोडं आहे," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे ही गोळी इतक्या बायकांना देतो, आणि दुधात किती जाते ते नीट मोजलेलं नाही. म्हणून आम्ही मोजायला घेतलंय. तुमची इच्छा असेल तर बाहेर ताई बसल्यात, त्यांच्याशी बोला. नाही म्हणालात तरी उपचार हेच राहतील."

बाहेरच्या ताईंनी चौदा पानी माहितीपत्रक दिलं. मराठीतच होतं, पण 'स्तन्य-नमुना संकलन' आणि 'औषधगतिकी' असलं मराठी. ताई स्वतःच म्हणाल्या, "मॅडम, हे बाजूला ठेवा, मी सांगते." आणि अर्धा तास बसून पानापानावर बोट ठेवत समजावलं. नवीन औषध कुठलंही द्यायचं नाही. जे मी घेतेय तेच. चोवीस तास दाखल व्हायचं, सात वेळा दूध, दोनदा माझं रक्त, एकदा बाळाच्या टाचेतून थेंब. कधीही, कारण न सांगता, बाहेर पडता येईल. सही लगेच करायची नाही, घरी नेऊन वाचा, घरच्यांना दाखवा. शेवटच्या पानावर संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या नैतिक समितीच्या सचिवांचा नंबर होता आणि अशा अभ्यासांची नोंद ठेवणाऱ्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीचा नोंदणी क्रमांक होता. नवऱ्याने त्याच रात्री तो क्रमांक टाकून बघितला. अभ्यास खरोखर नोंदलेला होता.

घरी मात्र वादळ झालं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांचं पहिलं वाक्य, "अगं, एवढुशा जिवावर प्रयोग? आपण काय उंदीर आहोत?" नवऱ्याचा एक मित्र आला होता, तो म्हणाला, "वहिनी, थॅलिडोमाइड ऐकलंय ना?"

ऐकलं होतं, पण नीट वाचलं नव्हतं. त्या रात्री बाळाला मांडीवर घेऊन वाचलं. १९५७ साली पश्चिम जर्मनीत ते झोपेचं औषध म्हणून बाजारात आलं, पुढे गरोदर बायका मळमळीवर घेऊ लागल्या, आणि १९६१ च्या अखेरीस तिथे ते मागे घेतलं गेलं, पण त्याच्यामुळे जगभरात दहा हजारांहून अधिक मुलं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाई पुरावा मागत अडून बसल्या, म्हणून तिथे ते विक्रीला आलं नाही. मला हादरवणारी गोष्ट वेगळीच होती. गरोदरपणात हे औषध सुरक्षित आहे का, हे विकण्याआधी कोणी तपासलंच नव्हतं. ती मुलं संशोधनात सापडलेली नव्हती. ती दुकानातून आणलेल्या गोळीने झाली. पण जगाने त्यातून धडा घेतला तो असा की बायकांना संशोधनापासून दूर ठेवा. १९७७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांमधून वगळण्याची सूचना काढली, ती १९९३ मध्ये मागे घेतली. मधल्या काळात बायकांनी औषधं घेणं थांबवलं असेल का? आजार काही सूचना वाचून येत नाहीत.

आमच्या घरात याचं ताजं उदाहरण होतंच. माझी मोठी बहीण नर्स आहे. १६ जानेवारी २०२१ ला कोरोनाची लस सुरू झाली, पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा. ताई तेव्हा तीन महिन्यांची गरोदर. वॉर्डातल्या सगळ्यांना लस मिळाली, तिला नाही, कारण लशीच्या चाचण्यांमध्ये गर्भवती आणि स्तनदा माता घेतल्याच नव्हत्या, म्हणून सरकारनेही त्यांना वगळलं होतं. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. ताई दोन मास्क लावून ड्युटी करत राहिली आणि बाधित झाली. आठ दिवस ऑक्सिजनवर होती. परळचीच आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आणि नायर रुग्णालय यांनी तेव्हा बाधित गर्भवतींच्या नोंदी ठेवायला घेतल्या होत्या, आणि दुसरी लाट गर्भवतींना पहिल्यापेक्षा जास्त भोवली हे त्यातूनच पुढे आलं. स्तनदा मातांना १९ मे रोजी लस खुली झाली, गर्भवतींना २ जुलै रोजी. ताईचे नऊ महिने तोवर भरत आले होते. ती आणि तिचा मुलगा आज ठणठणीत आहेत, पण 'बाळाची काळजी' म्हणून तिला ज्या साडेपाच महिन्यांत बाहेर ठेवलं, त्या काळात तिची काळजी कोणी केली, हे मला अजूनही कोणी सांगावं.

दोन दिवस आई माझ्याशी फारसं बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी भाजी निवडताना त्यांनी विषय काढला. १९८५ साली, मोठे भाऊजी पाच आठवड्यांचे असताना, त्यांना टीबी निघाला होता. लालबागच्या चाळीत राहायच्या. गिरणी संप होऊन गेलेला, घरात पैसा नाही. रोज इंजेक्शन घ्यायला जायच्या. "डॉक्टर म्हणाले, दूध पाजायचं नाही, औषध उतरतं. बाळाला माझ्या नणंदेकडे ठेवलं. मला छातीत गाठी झाल्या. पदर ओला व्हायचा आणि खालच्या मजल्यावर तो रडताना ऐकू यायचा." मेथीची जुडी तशीच हातात होती. "तेव्हा कोणी बघितलं होतं का ग, किती उतरतं ते?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. टीबीची नेहमीची औषधं दुधात फार थोडी उतरतात, आणि आज ती औषधं चालू असलेल्या आईला दूध पाजायलाच सांगतात, खोकल्यातून लागण होऊ नये म्हणून मास्क लावून. त्या गप्प झाल्या. मला वाटलं, सांगायला नको होतं. संध्याकाळी म्हणाल्या, "सही कर. मी येते बरोबर."

मोजलं की उत्तर नेहमी दिलासा देणारंच येतं असं कोणी समजू नये. एचआयव्हीसह जगणाऱ्या गर्भवतींना टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड द्यावं, असं बरीच वर्षं सांगितलं जात होतं. मग आठ देशांत ९५६ बायकांवर अभ्यास झाला, पुण्याचं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय त्यात होतं, आणि २०१९ मध्ये निष्कर्ष आले. बाळंतपणानंतर औषध सुरू केलेल्यांपेक्षा गरोदरपणातच सुरू केलेल्यांमध्ये कमी वजनाचं बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ, मृत जन्म अशा गोष्टी जास्त आढळल्या. त्या बायका अभ्यासात आल्या नसत्या तर हे कोणाला कळलंच नसतं. मला भाबडेपणाने सही करायची नव्हती, म्हणून मी नैतिक समितीच्या नंबरवर फोन केला. विचारलं, बाळाच्या रक्तात औषध जास्त निघालं तर मला कधी कळेल, अभ्यास संपल्यावर का? पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, त्याच आठवड्यात, आणि ते माहितीपत्रकात नवव्या पानावर आहे. होतं. मीच नीट वाचलं नव्हतं. माझी सही मी केली, बाळाच्या रक्तासाठीच्या कागदावर आम्ही दोघांनी.

दाखल झालो त्या दिवशी सकाळी सातला, गोळी घेण्याआधी, पहिला नमुना. मला वाटलं होतं चमचाभर काढतील. पण आधीचं दूध पातळ आणि शेवटचं दाट असतं, साय जास्त, औषधाचं प्रमाणही त्याप्रमाणे बदलू शकतं, म्हणून पूर्ण काढायचं, हलवायचं, त्यातलं पाच मिली नळीत भरायचं. उरलेलं बाळाचंच. आईंनी घरून चांदीचं बोंडलं आणलं होतं, नवऱ्याला आणि भाऊजींना पाजलेलं. प्रत्येक वेळी अभ्यासाच्या ताई नळीवर वेळ लिहायच्या, बर्फाच्या डब्यात ठेवायच्या, आणि आई पदराने बोंडलं पुसून पुढे व्हायच्या. सात, नऊ, अकरा, तीन, संध्याकाळी सात, रात्री क्लोबाझाम घेतल्यावर अकरा, दुसऱ्या दिवशी सकाळी सात. मध्ये रात्री उठवायचं नाही, हे मॅडमनी फाइलवर लाल शाईने लिहून ठेवलं होतं. माझी झोप मोडू नये म्हणून अभ्यासाचा एक आकडा त्यांनी सोडून दिला, याचं मला फार बरं वाटलं.

टाचेतून रक्त काढताना बाळ फार रडलं. टाच आधी कोमट फडक्याने शेकली, टोचलं, आणि थेंब एका जाड कागदावरच्या गोलात टिपले. तीन गोल भरायचे होते. दुसऱ्या गोलानंतर थेंब येईना, परत दाबावं लागलं. त्या क्षणी 'नको, बस झालं' हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते, आणि मी ते म्हटले असते तर ताईंनी हात काढला असता, याची खात्री होती. म्हणून नाही म्हटलं. पाजायला घेतल्यावर दोन मिनिटांत थांबलं.

शेजारच्या खाटेवर गोवंडीची एक मुलगी होती, चोवीस-पंचवीसची. चार घरची धुणीभांडी करते. तिची गोष्ट माझ्या उलट. तिला कोणीतरी सांगितलं, गोळीचं दूध म्हणजे विष. पावडरचा डबा परवडणार नव्हता. मग तिने दूध चालू ठेवलं आणि गोळी बंद केली. नवव्या दिवशी बाळ मांडीवर असताना फिट आली. बाळ गादीवर पडलं म्हणून वाचलं. हे सांगताना ती हाताने गादी दाखवत होती, इथे, एवढ्यावर. 'डेटा नाही' हे वाक्य माझ्या घरी मोरीत गेलं आणि तिच्या घरी तिथे, त्या गादीपर्यंत.

तिचे दोन दिवसांचे पैसे कापले जाणार होते. अभ्यासातून मिळत होतं ते येण्याजाण्याचं भाडं. मी ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, जास्त पैसे दिले तर आमिष ठरतं, आणि बजेटमध्ये तेवढंच आहे. मला हे पटलं नाही. बुडालेली मजुरी भरून देणं हे आमिष कसं? आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये बुडालेल्या रोजासाठी पैसे देता येतात असं आहे. घरी गेल्यावर मी समितीला तसं पत्र लिहिलं. पगारी रजा मिळणाऱ्या माझ्यासारख्या बायकाच अभ्यासात आल्या तर जे मोजलं जाईल ते आमच्यापुरतंच असेल, एवढंच लिहिलं. दीड महिन्याने उत्तर आलं, की यापुढे सहभागी मातांना रोजाची भरपाई देण्याचा बदल मंजूर केला आहे. आधी येऊन गेलेल्यांचं काय, याचं उत्तर त्यात नव्हतं. मी परत लिहिलंय.

बाळाचा रिपोर्ट आठवड्याभरात मिळाला. लेव्हेटिरासेटाम अगदी कमी, क्लोबाझाम त्याहून कमी. झोपाळूपणाचं कारण मग सापडलं ते साधंच, पकड नीट बसत नव्हती, ओढून ओढून दमत होतं. मॅडम म्हणाल्या, "हे तुमच्या बाळाचं झालं. पुढच्या बाईला सांगायला मला अजून पुष्कळ बाळं लागतील." अभ्यास चालू आहे.

मागच्या महिन्यात अभ्यासाच्या ताईंचा फोन आला. एक मुलगी माहितीपत्रक घेऊन गेलीय, तिला आधी येऊन गेलेल्या कोणाशी तरी बोलायचंय, नंबर देऊ का? मी हो म्हटलं. तिने अभ्यासाबद्दल काही विचारलं नाही, औषधाबद्दलही नाही. "बाळाला टोचतात तेव्हा किती वेळ रडतं?" मी सांगितलं, टोचल्यापासून पाजायला घेईपर्यंत, साधारण चार मिनिटं, आणि आधी टाच शेकून घ्यायला सांग, त्यांनी विसरू नये. मग तिने विचारलं, सासूबाईंना बरोबर आणलेलं चालतं का. चालतं म्हटलं. बोंडलंही आण.